दशमीला गहू बंद

मी चौथी शिकलो, तीही मास्तरांच्या मेहरबानीनं. पण देवासात पिठाची चक्की कशी चालवायची, हे मला कुणी शिकवू नये. कारखान्यातून रिटायर झालो तेव्हा जे काही हातात पडलं, त्यातून घराच्या पुढच्या खोलीत चक्की बसवली. गल्लीत दुसरी नव्हतीच. सकाळी शटर उघडायच्या आधी गव्हाचे डबे रांगेत लागलेले असायचे, आणि मी स्टुलावर राजासारखा बसायचो.

एवढं बरं चाललेलं बघून कोण गप्प बसेल? समोरच एका भियानं (आमच्या माळव्यात भैयाला भिया म्हणतात) तीन मशिनी टाकल्या. तिशीतला पोरगा, बोलायला गोड. भाव माझ्यापेक्षा कमी, वर डबा घरपोच. महिनाभरात माझी रांग रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेली.

माझा मुलगा बँकेत आहे. तो म्हणाला, "बाबा, एक मोबाइलवाला ही खोली दुकानासाठी भाड्यानं मागतोय. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर चक्की काढून टाकू."

"हात लावून दाखव," मी म्हणालो.

"मग भाव तरी कमी करा."

"तेही नाही."

ही आतून म्हणाली, "अहो, मग करणार तरी काय?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. पण तसं सांगतो की काय मी!

मग एक दिवस कॉलनीतल्या एक काकू सहज बोलून गेल्या. त्या आधी महाराष्ट्र समाजाच्या शाळेत शिकवायच्या. म्हणाल्या, "एकादशीला भगर दळून हवी असते हो, पण चक्कीत आधी कुणाचे तरी गहू गेलेले असतात. उपास मोडायचा! म्हणून मिक्सरला लावते, ती रवाळ होते, आणि सुनेचे टोमणे वेगळे."

माझं डोकं तिथंच चाललं. दारावर खडूनं लिहिलं: दशमीला गहू बंद, फक्त उपासाचं दळण. खाली हिंदीतही लिहिलं, कारण आमच्याकडच्या तरण्या पोरांना मराठी वाचताना धाप लागते. आदल्या संध्याकाळी जातं उघडून ब्रशानं साफ केलं. सकाळी आधी माझ्या पदरची दोन मुठी भगर दळली आणि ते पीठ गायीला घातलं. भाव मात्र गव्हापेक्षा जास्त लावला.

त्या दिवशी गहू घेऊन जो येईल त्याला मी समोर धाडत होतो. भिया तिकडून ओरडला, "काकाजी, असेच गिऱ्हाईक पाठवत राहा! चाय पाजीन तुम्हाला!" गल्ली हसली. हिनं कपाळाला हात लावला.

पहिल्या दशमीला जेमतेम चार काकू आल्या. पण त्या भजनी मंडळातल्या होत्या. पुढच्या दशमीला राजगिरा, शिंगाडे, भगर (इकडे तिला मोरधन म्हणतात) असं सगळं माझ्या दारात. दोन पैसे जास्त का, असं कुणी विचारलं नाही. विचारायला दुसरी जागाच नव्हती! मात्र भाव अजून वर नेला असता, तर त्याच काकू परत मिक्सरला लागल्या असत्या, हेही मला कळत होतं.

तिसऱ्या दशमीला तर कमालच झाली. भियाची आई, डोक्यावर पदर, हातात मोरधनाची पिशवी, भर गल्लीतून माझ्या चक्कीकडे! भिया धावत आला. "माँ, अपनी चक्की छोड़ के?"

म्हातारी फिरली. "थारी चक्की में तो गउँ भर्यो है. म्हारो उपास तू करेगो?"

काकू पोट धरून हसल्या. मी भियाला म्हटलं, "गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल चाय मीच पाजतो, ये." आणि म्हातारीकडून पुरते पैसे घेतले. धंदा म्हणजे धंदा. भियानं चहा घेतला, दोन कप.

पण पोरगा हुशार. श्रावणात त्यानं एक मशीन फक्त उपासाला ठेवलं, रोजचं. तीन असल्यावर त्याला काय अवघड? निम्म्या काकू तिकडे गेल्या. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. मग मनाशी म्हटलं, अरे, तू याचं गिऱ्हाईक पळवलंस, त्यानं तुझं. आता नवीन काही काढ.

काढलं. भाजणी! चकलीची वेगळी, थालीपिठाची वेगळी. कुणाला रवाळ लागते, कुणाला मऊ. कुठल्या घराला कशी, ते मी लक्षात ठेवू लागलो. माणसं कारखान्यांकडच्या नव्या बिऱ्हाडांतली असोत की संस्थानच्या वेळच्या जुन्या दरबारी घरातली, भाजणीवरून सगळ्यांची भांडणं सारखीच.

दिवाळीच्या आठवड्यात मुलगा मोबाइलवाल्याला खोली दाखवायला घेऊन आला. दोघांना आत पाय ठेवायला जागा नव्हती. डबे पायरीवर, डबे स्कूटरवर. भाजलेल्या डाळीचा वास कोपऱ्यापर्यंत गेलेला. मोबाइलवाला म्हणाला, "अंकल, ये तो चालू दुकान है." आणि गेला.

विजेचं बिल आणि जात्याला टाकी लावायचा खर्च वजा जाता भाजीपाल्यापुरतंच उरतं. लक्षाधीश नाही झालो. मुलानं तेच विचारलं, "एवढी गर्दी, आणि बाबा, उरतं किती?"

"चक्की उरते," मी म्हणालो. "बाजूला हो, काकू खोळंबल्यात."

तो बाजूला झाला नाही. बाही वर करून त्यानं काकूंचा डबा उचलला आणि विचारलं, "रवाळ की मऊ?"