उत्तराची वाट

माझी थोरली ताई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते. एकटीच राहते. पूर्वी तिचं लेक्चर म्हणजे टेप लावल्यासारखं, आणि पोरं बसल्या जागी पेंगायची. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून बाई सगळं वर्गातच बोलून घ्यायची. मला ठाऊक होतं ते.

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. उरली नुसती कुजबुज. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, वर्ग सोडा, लायब्ररीत बसा आता." मेल्याला बोलताना काही वाटलं नाही! वर्ग सुटला तर दिवसभर माणसाचं तोंड कुठे बघायचं तिने?

ताईने महिन्याची मुदत मागून घेतली. वर्गात गेली, फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, 'नळाचं पाणी फुकट असावं का?' आणि हाताची घडी घालून बसली. पोरं चुळबुळली, खोकली, खिशातले फोन चाचपून झाले. दुसरं कुणी असतं तर मिनिटभरात स्वतःच उत्तर सांगून मोकळं झालं असतं. पण गप्प बसण्यात ताईचा हात कोण धरणार? घरी रोज दुसरं काय करते ती! शेवटी मागच्या बाकावरचा एक तिरसट मुलगा वैतागून बोलला, पुढच्या चष्मेवालीने त्याला खोडून काढलं, आणि मग काय, अशी जुंपली म्हणता! ताई ऐकत राहिली. मधूनच उठून फळ्यावर 'का?' एवढंच लिहायची. पुढचे सगळे तास असेच गेले.

महिना संपताना प्रमुख दारात येऊन उभे राहिले. वाद इतका रंगला होता की कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "चालू द्या," म्हणाले आणि गेले. वर्ग वाचला.

तास संपला. पोरं भांडतच बाहेर पडली, ताईकडेही कुणी बघितलं नाही. ती मला नंतर म्हणाली, तेव्हा मनात आलं गं, एवढं छान चाललंय, मग आता माझी गरज कुणाला?

ती फळा पुसत होती. तेवढ्यात चष्मेवाली परत आली. "मॅडम, तुमचं मत काय ते राहिलंच की."

ताईने सवयीने घशाकडे बोट दाखवलं. एवढं केलं की सगळे "राहू दे, राहू दे" म्हणतात. अगदी मीसुद्धा.

ती मुलगी समोरच्या बाकावर बसली, हाताची घडी घातली आणि वाट बघत राहिली.