टायरखालचं लिंबू

इथे कॅनडात, किचनर शहरात, ऑफिसातल्या माझ्या नागपूरकर मित्राने महागडा, अवाढव्य पिकअप ट्रक घेतला. त्यातून न्यायचं काय, तर ग्रोसरी! पण ‘हा घेतल्यापासून शेजारी आपणहून हात करतात,’ असं तो म्हणाला आणि मीही तसाच घ्यायचं ठरवलं. त्याचा ट्रक सारखा वर्कशॉपमध्ये, म्हणून पूजा दोनदा पुढे ढकलली. अखेर टायरखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, त्याने किल्ली फिरवली. ट्रक ढिम्म हलेना. लिंबू शाबूत. तो बॉनेट पुसत म्हणाला, ‘पण दिसतो कसा बघ!’ समोरच्या शेजाऱ्याने खरंच हात केला. माझ्या डोक्यातलं भूत तिथेच उतरलं. निघताना आमची जुनी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तिला मी आजवर एक लिंबूही दिलं नव्हतं.