शेअर रिक्षातल्या पुरणपोळ्या

माझ्या हातून जे झालं ते ऐकून तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा बापडे. पण आधी एक लक्षात घ्या: मी मुळात बोलतच नाही! वर्गात बाईंनी उभं केलं की माझा आवाज जातो. घरी पाहुणे आले की मी पाण्याचा ट्रे ठेवून पळते. अशी मुलगी रिक्षात एवढं बोलेल, असं कुणाला तरी वाटलं असतं का?

तर झालं असं. नववीच्या तोंडी परीक्षेची मला इतकी धास्ती बसली की मी गुपचूप शाळेतल्या मॅडमकडे जायला लागले. मॅडम म्हणजे मानसशास्त्रज्ञ. दर बुधवारी येतात, ग्रंथालयाशेजारच्या खोलीत बसतात. गोळ्या वगैरे देत नाहीत. बोलतात. खरं म्हणजे ऐकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी एक कागद पुढे घेऊन विचारलं, "अनोळखी माणसांसमोर बोलायची भीती, शून्य ते दहापैकी किती?" मी दोन्ही हातांची बोटं वर केली. दहा!

घरी मात्र सांगितलं नव्हतं. आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमध्ये कुणी एकटं हसलं तरी 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणतात, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात! आईला कळलं तर ती रडेल, नाहीतर माझं जाणंच बंद करेल.

मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "एकेकाळी अशा माणसांना साखळीनं बांधून ठेवायचे. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला जगालाच फार वेळ लागला. तुझ्या बिल्डिंगलाही लागेल थोडा." मग त्यांनी नियम सांगितला. "इथलं बोलणं इथेच राहील. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मी कुणाला सांगेन, तेही तुला आधी सांगून. आणि बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तू दाखवलीस तर दाखवेन."

मी काय ऐकलं? बाहेर आपण एकमेकींना ओळखत नाही. विषय संपला!

त्या शनिवारी आई आणि मी उल्हासनगरहून ड्रेसचं कापड घेऊन आलो आणि बदलापूर पूर्वेला शेअर रिक्षात बसलो. आई कडेला, मी मध्ये. रिक्षावाला "कात्रप, एक सीट, कात्रप!" असं ओरडत होता. आणि ती एक सीट भरायला कोण यावं?

मॅडम!

मॅडमनी नियमाप्रमाणे सरळ समोर बघितलं. मीही समोर बघितलं. कुणी काही विचारलं नव्हतं हं. तरी मी मोठ्यांदा म्हणाले, "आई, मी यांना आयुष्यात कधी पाहिलेलं नाही!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "बरं," म्हणाली.

तिथेच गप्प बसले असते तर! पण पुढच्याच खड्ड्यात रिक्षा उडाली, मॅडमची पर्स खाली पडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, तुमची पर्स!"

"मॅडम?" आई म्हणाली. "कसल्या मॅडम गं?"

"शिवणक्लासच्या!"

आईच्या मांडीवर कापडाची पिशवी होती, तेच सुचलं. आईनं लगेच पिशवीतून ते कापड काढलं आणि मला ओलांडून थेट मॅडमच्या मांडीवर ठेवलं. "बरं झालं बाई भेटलात! यात हिचा पूर्ण बाह्यांचा कुर्ता बसेल का हो?"

मॅडमना खोटं बोलायचं नव्हतं आणि माझं गुपितही फोडायचं नव्हतं. त्या कापडाकडे बघत म्हणाल्या, "याबद्दल मला काहीच सांगता येणार नाही."

"सगळे टेलर असंच बोलतात!" रिक्षावाल्याचे डोळे आरशात चमकले. "माझा दिवाळीचा शर्ट होळीला दिला. कसम से!"

"त्यांनी शिवण सोडलं," मी घाईघाईनं म्हणाले. "डोळ्यांमुळे."

"अरेरे! मग आता काय करतात?" आईनं विचारलं. मॅडमना नाही, मलाच.

"आता... पुरणपोळ्या! ऑर्डरप्रमाणे. इतक्या लुसलुशीत, आई, नारळाच्या दुधाबरोबर खाल्ल्या ना..." अहो, मी थांबेचना! डाळ कुठल्या गावाहून येते, पुरण किती वेळ घोटतात, जायफळ कधी घालतात, सगळं सांगितलं. मला साधा चहा येत नाही!

शेवटी रिक्षाच थांबली. रिक्षावाला पूर्ण मागे वळला. "ताई, आपल्या पोरीचं बारसं आहे. दोनशे पीस पाहिजेत. रेट बोला ना."

"मी ऑर्डर घेत नाही," मॅडम म्हणाल्या. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"देखा? एवढी डिमांड आहे!" रिक्षावाला आईला म्हणाला.

मॅडम तिथेच उतरल्या. त्यांचं घर काही तिथे नसावं. भाडं देताना त्यांचे खांदे हलत होते. तेवढ्यात आई बाहेर वाकून म्हणाली, "बरं, या मॅडम. पालकसभेत फार छान बोललात तुम्ही."

पालकसभेत?

घर येईपर्यंत मी ओढणीचं टोक चावत होते. बिल्डिंगच्या जिन्यात आई पायरीवर बसली आणि तोंडावर हात ठेवून जी हसत सुटली!

"अगं येडे, जूनमध्येच शाळेनं ओळख करून दिली त्यांची. आम्ही सगळ्या पालकांनी परवानगी दिली. तेव्हाच त्यांनी बजावलं, मुलं काय बोलतात ते मला विचारायचं नाही. मी विचारलं का तुला कधी?"

"मग रिक्षात का विचारत होतीस?"

"तू बोलत होतीस ना!" आईनं डोळे पुसले. "एवढं बोलताना तुला कधी ऐकलं होतं मी? म्हटलं, ऐकून घेऊ. जात जा बुधवारी."

हुश्श! मी आईला चिकटून बसले आणि आम्ही दोघी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार उघडून बघेपर्यंत हसलो.

बुधवारी मॅडमनी तोच कागद काढला. "अनोळखी माणसांसमोर बोलायची भीती?"

मी सवयीनं दहा बोटं वर केली.

"जायफळासकट?" मॅडम म्हणाल्या.

मी बरीच बोटं मिटली. मॅडमनी कागदावर चार लिहिलं. चार! मी तरंगतच शाळेच्या फाटकापाशी आले.

फाटकात एक ओळखीची रिक्षा उभी होती. "ए दीदी! ते पुरणपोळीवाल्या मॅडम इथेच असतात काय? बारसं रविवारी आहे!"

मी तोंड उघडलं. आवाज गेलेला!

तशीच धावत मॅडमच्या खोलीपाशी परतले, आणि दारातूनच दोन्ही हातांची दहा बोटं वर केली.