दोना इरासिल्दा आणि तुकड्यातुकड्यांचा गोल

आमच्या गल्लीत कुणाचा खेळाचा डबा बिघडला की तो दोना इरासिल्दाच्या टेबलावर येतो. आमच्याकडे मानाने बाईला दोना म्हणतात, पुरुषाला सेउ. आधी ती रेडिओ दुरुस्त करायची, मग टीव्ही, आणि आता व्हिडिओ गेमचे वीस-बावीस वर्षांपूर्वीचे ते काळे कन्सोल. बाकीच्या जगाने ते केव्हाच अडगळीत टाकले, पण आमच्या नदीकाठच्या बेलेम शहरात घरोघरी अजून चालू आहेत. तबकड्या वाचणारी काच आंधळी झाली तर होऊ दे, इरासिल्दा डबा उघडते, आत काहीतरी चिकटवते आणि पेन ड्राइव्हवरून खेळ सुरू करून देते. वय त्रेसष्ट, गळ्यात दोन चष्मे, आणि कामाला बसली की जीभ बाहेर. मी मारील्झा, तिच्या दारासमोर तकाका विकते. गरम आंबट रस्सा, त्यात कोळंबी आणि ओठ बधिर करणारा पाला. गिऱ्हाईक बधिर झालं की गप्प बसतं आणि मला तिच्या घरातलं सगळं नीट ऐकू येतं.

तिचा नवरा नाझारेनो मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. रविवारी तोच गल्लीच्या मैदानावर सामन्याचं वर्णन करायचा, भोंग्याशिवाय. दहा वर्षांपूर्वी इरासिल्दाच्या भाच्याने एक जुना फुटबॉलचा खेळ घेतला, परदेशी खेळाडू काढले आणि त्यांच्या जागी आमची गल्ली भरली. न्हावी सेउ लिंदोमार पुढे, पाववाला मध्ये, आणि मी गोलकीपर. का, तर माझ्या अंगाने अर्धा गोल आपोआप झाकला जातो म्हणे! मेल्याला मी महिनाभर तकाका दिला नाही. आणि वर्णन करायला आवाज नाझारेनोचा. गोल झाल्यावरची आरोळी तर त्याने न्हाणीघरात उभं राहून एका दमात दिली होती. शेजारची कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली नाही.

तीन वर्षांपूर्वी नाझारेनोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. आता तो शीळ घालतो, चमच्याने टेबल बडवतो आणि भुवयांनी शिव्या देतो. भाचा दूर मनाऊस शहरात गेला, त्याचा कॉम्प्युटर वीज पडून जळला, आणि नाझारेनोचा धडधाकट आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, त्या खेळाच्या पोटात. तोही सलग नाही. पेन ड्राइव्ह इतका संथ की गोल झाला की डब्यातून यायचं, "गो... गो... ओ... ल... गो." नाझारेनो ते ऐकून हसायचा, पण हसून झालं की उठून आत जायचा. इरासिल्दाने ते एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि एके सकाळी मला म्हणाली, "मारील्झा, यंदाच्या अंतिम सामन्याला त्याला त्याचा गोल अख्खा ऐकवणार. नाही ऐकवला तर ही पक्कड मी नदीत फेकीन."

मी म्हटलं, "फेक, पण आधी माझा मिक्सर दुरुस्त कर."

अंतिम सामना म्हणजे आमची गल्ली विरुद्ध पलीकडची आंब्याची गल्ली, इरासिल्दाच्या दारात, तिच्याच डब्यावर. बक्षीस एक जिवंत बदक. गेली सात वर्षं बदक आमच्याकडे येत होतं. ते का, हे तिने डब्याचा वेग वाढवला तेव्हा कळलं.

आधी तिने नवा पेन ड्राइव्ह लावला, काही फरक पडला नाही. तिने वायर बदलली, दमट हवेने हिरवी पडलेली टोकं खोडरबराने घासली, तरी तेच. मग तिने कपाळावर हात मारला. "ड्राइव्ह काय करणार बिचारा? या डब्याचं तोंडच अरुंद! बादलीभर पाणी, पण नरसाळं औषधाच्या बाटलीचं." तिने एका मेलेल्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढली आणि डब्याच्या पाठीमागच्या खोबणीतून थेट पोटात बसवली.

खेळ पळायला लागला आणि सेउ लिंदोमारचं तोंड उतरलं. त्याने पाच वेळा गोलवर चेंडू मारला आणि पाचही वेळा बाहेर गेला.

"दोना इरासिल्दा, हे काय केलंत?"

"वेग वाढवला."

"अहो, आपण जिंकतो ते त्या अडखळण्यावर! गोलजवळ गेलं की सेउ नाझारेनो ओरडायला लागतात आणि चित्र श्वासभर थांबतं. तेवढ्यात मी बघून घेतो गोलकीपर कुठे झुकलाय, आणि दुसरीकडे मारतो. ती आंब्याची पोरं तेव्हा नुसती बटणं बडवत बसतात."

म्हणजे सात बदकं अशी आली होती. मी पोट धरून हसले. लिंदोमार हसला नाही. त्याच्यामागे पाववाला उभा होता, पाववाल्यामागे त्याची बायको, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं: होतं तसं करा.

इरासिल्दाने एक चष्मा काढून दुसरा घातला. "मी आयुष्यभर लोकांच्या वस्तू चालू केल्या. आता बदकासाठी बिघाड सांभाळू?"

पण खरं म्हणजे तिचंही काम झालं नव्हतं. चित्र पळत होतं, गोलाची आरोळी मात्र अजून तीन जागी तुटत होती. दोन दिवस ती नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. शेजारी बसलेल्या नाझारेनोने चमचा उचलला. आवाज तुटला की चमचा, तुटला की चमचा. इरासिल्दाने डोळे उघडले.

"काय रे?"

त्याने डिस्ककडे बोट दाखवलं आणि पुन्हा चमचा वाजवला. खट. आत डिस्कही वाजली. खट. दोघं एकाच वेळी.

"अगं बाई!" इरासिल्दा उडालीच. "डिस्क वाचणारी सुई धावतेय! तुकड्यातुकड्यांनी ठेवलंय सगळं!"

मला काही कळलं नाही हे तिने ओळखलं. "मारील्झा, तू दर आठवड्याला काय सांगतेस मला?"

"खेळातल्या मला बारीक कर म्हणून."

"आणि लिंदोमार?"

"केस दाट करा म्हणतो. स्वतः न्हावी आणि टक्कल!"

"दहा वर्षं मी कुणाला नाही म्हटलं नाही. कुणाचं लग्न झालं, नवं आडनाव घाल. कुणाला मिशी. प्रत्येक बदलाचा खेळ नवा, आणि जुनाही पुसला नाही. शिवाय प्रत्येकाचे आवडते खेळ आहेतच. ते सगळं मी या जुन्या, अर्ध्या भरलेल्या डिस्कवर ओतलं आणि ती गच्च भरली. मग नवं सामान जिथे फट मिळेल तिथे जाऊन पडलं. आरोळीची सुरुवात इकडे, मधला भाग तुझ्या जुन्या कमरेखाली, शेवट पाववाल्याच्या मिशीपलीकडे. सुई धावून धावून दमणार नाही तर काय!"

उपाय सोपा होता आणि म्हणून भांडण मोठं झालं. सगळी डिस्क पुसायची आणि रिकाम्या डिस्कवर पेन ड्राइव्हवरून हा एकच खेळ, सलग, एका दमात उतरवायचा. गल्लीने घर डोक्यावर घेतलं. पाववाल्याच्या बायकोचे गाड्यांचे खेळ जाणार होते. लिंदोमारने तर दारात खुर्ची टाकून बसायची धमकी दिली.

"बस," इरासिल्दा म्हणाली. "मारील्झा, याला तकाका दे, पाला जास्त घालून."

तो अर्धा तास बोलू शकला नाही. तेवढ्यात तिने सगळं पुसलं.

रविवार. सामना पावसानंतर, म्हणजे आमच्याकडे साडेतीन-चार. पाऊस कोसळत होता, पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि इरासिल्दा तिला हाताने पंखा घालत होती. पट्टीला पंखा! नाझारेनो तिच्या पाठीमागे शीळ घालत फेऱ्या मारत होता. पाऊस थांबला, आंब्याच्या गल्लीतली पोरं चपला फटाफट वाजवत आली, त्यांचा पुढारी रोझिवाल्दो बदक काखेत घेऊन, आणि पट्टी भरली. तपासून बघायला क्षणभरही उरला नाही.

"अडखळलं तर पुढच्या वर्षीचा सामना आमच्याकडे," रोझिवाल्दो म्हणाला.

"बस आणि खेळ," इरासिल्दा म्हणाली.

पहिली दहा मिनिटं लिंदोमारने मारलेलं सगळं आकाशात गेलं. मग रोझिवाल्दो सुटला. नाझारेनोचा आवाज त्याच्यामागे धावायला लागला, "चालला, चालला, अरे अडवा त्याला, चालला!" आणि चित्र थांबलं नाही. चेंडू पडद्यावरच्या माझ्या पायांमधून आत गेला.

"गोऽऽऽऽऽऽल!"

काय सांगू! पत्र्याचं छप्पर घुमलं. न्हाणीघरातली ती आरोळी, सलग, कुठे खट नाही, वर चढत गेली, तिथेच राहिली, आणखी वर गेली, आणि शेवटी लिलाव संपल्यासारखी खाली आली. आमच्यावर गोल झाला होता आणि आमची गल्ली उभी राहून टाळ्या पिटत होती. रोझिवाल्दो गोंधळून मागे बघत होता. इरासिल्दा टेबलाला धरून उभी होती, रडत होती की हसत होती ते तिलाही कळत नसावं. नाझारेनो मात्र खुर्चीत ताठ बसला होता, भुवयासुद्धा हलत नव्हत्या.

खेळ पुन्हा सुरू झाला. चेंडू लिंदोमारकडे होता. त्याने एकदा नाझारेनोकडे पाहिलं, आणि तो माणूस, जो पत्त्यात हरला तरी दोन दिवस दुकान बंद ठेवतो, त्याने चेंडू सरळ रोझिवाल्दोच्या पायात दिला. मला गोलमधून काढून कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठीजवळ नेऊन उभं केलं.

"सेउ लिंदोमार, काय करताय?" रोझिवाल्दो म्हणाला.

"तोंड बंद कर आणि गोल मार."

त्याने मारला.

"गोऽऽऽऽऽऽल!"

"आणखी एक!" पाववाला ओरडला. तिसरा, चौथा, पाचवा. रोझिवाल्दोलाही कळलं. सहाव्याला तो आणि लिंदोमार चक्क एकमेकांना चेंडू देत गोलपर्यंत गेले. माझा तकाका उकळून सांडला, मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. बदक आंब्याच्या गल्लीचं झालं होतं, आणि ते कुणालाच नको होतं, आम्हाला पुढचा गोल हवा होता.

अकराव्या गोलाला नाझारेनो उठला. ऑपरेशन झाल्यापासून तो चारचौघांत तोंड उघडत नसे, जेवतानाही पाठ फिरवून बसायचा. तो दारात, सगळ्यांसमोर उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि तोंड वासलं. आरोळी सुरू झाली. कुठे चढायचं, कुठे टिकायचं, कुठे खाली यायचं, त्याचे ओठ बरोबर तिच्यासंगे जात होते. गल्लीच्या टोकाकडून आलेली एक अनोळखी बाई तेवढ्यात मिटलेली छत्री घेऊन माझ्याजवळ थांबली आणि मला म्हणाली, "केवढा आवाज आहे हो त्या माणसाचा!"

"आहे ना?" माझ्याआधी इरासिल्दाच म्हणाली.