कर्ण्यातली साळुंकी

मंडळी, आज रविवारी दुपारी साडेतीन वाजता मी शिडी धरून उभा होतो. आपल्या चाळीचे चिटणीस बापूकाका सभेचा कर्णा पुसायला वर चढले होते. "आत गवत कोणी कोंबलं रे?" म्हणत त्यांनी हात घातला, तोच साळुंकी किंचाळत बाहेर आली. आत चार निळी अंडी आहेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात माझ्या दादाला पकडून नेलं तेव्हापासून मला धड झोप नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. थंडीत मागच्या अंगणात शेपटी हलवत परीट पक्षी यायचा. चैत्र लागला तसा झाडावर तांबट पक्षी टुकटुक ठोकत बसला. त्यांच्याकडे बघत असलो की तेवढा वेळ तुरुंग डोक्यातून जायचा.

आज सकाळी दादा सुटून आला. संध्याकाळी त्याचंच भाषण आहे आणि आपल्याकडे कर्णा एकच. तरी मी कसाबसा म्हणालो, "काका, अंडी राहू द्या ना."

काका तडकले. "मग भाषण काय साळुंकी करणार?"

दादा गॅलरीत उभा होता. त्याचा आवाज पार बसला आहे. तो म्हणाला, "काका, मी आजच घरी आलो. तिला कशाला घराबाहेर काढता?"

काका कर्णा तसाच ठेवून खाली उतरले.

म्हणून घाईने हे फळ्यावर लिहितो आहे. सात वाजता वर गॅलरीत काही ऐकू येणार नाही. सतरंज्या घेऊन खाली या आणि दादाच्या अगदी जवळ बसा. पिल्लं उडेपर्यंत एवढं जमेल ना आपल्याला?