स्कार्फमधली शेजारीण

अमळनेर-धरणगाव एसटीत मी मोबाइलवर कादंबरी वाचत होतो. नायिका साधी कॉलेजातली मुलगी, पण स्कार्फ बांधला की तापीवरून उडणारी राखणदार! लेखक कोण, कुणालाच ठाऊक नाही. रोज संध्याकाळी नवा भाग येतो.

शेजारची मुलगी सरळ माझ्या मोबाइलात वाचत होती. उन्हामुळे तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे, आणि पाय सारखा हलत होता.

"आवडस का, भाऊ?" तिनं विचारलं.

"झकास! पण आता पकडली जाणार ती."

"नही जाणार," ती ठामपणे म्हणाली. "आठे बठ्ठ्या पोरी स्कार्फ बांधतस. वळखनार कोन?" खरंच, एसटीतल्या सगळ्याच पोरींच्या तोंडाला स्कार्फ होते.

धरणगावला ती उतरली.

संध्याकाळी नवा भाग उघडला आणि मी ओरडलोच. राखणदार एसटीत बसली होती आणि शेजारचे भाऊ तिला सांगत होते, "झकास! पण आता पकडली जाणार ती."