गिलर्योंगच्या तोंडावरचे त्रेसष्ट डाग

प्यो गिलर्योंगची चाळीस वर्षं बेटावरच्या मिठागरात गेली. वरून ऊन आणि खालून मिठाची लकाकी, अशा दुहेरी भाजणीत त्याच्या तोंडावर डाग उठत गेले. काही तांदळाएवढे, काही बटणाएवढे, आणि उजव्या गालावर एक पसरट, होडीसारखा. त्याला त्याचं काही वाटत नसे. आरशात तो दाढीपुरता बघायचा.

मुलगी मिरान सोलला राहते. म्हाताऱ्या आईबापाचे डाग लेसरने काढून आणणं हे तिथे हल्ली मुलांच्या कर्तव्यात धरतात. मे महिन्यात आईवडिलांचा दिवस आला, तशी तिने बापाला दवाखान्यात नेऊन बसवलं. तोंडाला बधिर करणारं मलम फासलं, डोळे झाकले आणि डॉक्टरीणबाईंनी एकेक डाग मोजून जाळला. त्रेसष्ट भरले. प्रत्येकावर एक गोल चिकटपट्टी लावून त्या म्हणाल्या, "दहा दिवस उन्हात जायचं नाही, आजोबा. हातांचं पुढच्या महिन्यात करू."

परतीच्या बोटीवर शेजारची विधवा क्वाक वहिनी भेटली. तिने त्याला नीट न्याहाळलं.

"भावजी, एवढी पंक्चरं एकदम कशी झाली?"

अकराव्या दिवशी पट्ट्या निघाल्या. खालून सोललेल्या अंड्यासारखा गुलाबी, गुळगुळीत चेहरा निघाला. श्राद्धासाठी आलेली मिरान खूश झाली. त्याच संध्याकाळी तिच्या आईचं, बुनर्येचं, श्राद्ध होतं.

ताटवाट्या पुसताना गिलर्योंगचा हात थांबला. संध्याकाळी दार उघडं ठेवायचं, म्हणजे बुनर्ये जेवायला येणार. उंबऱ्यातून आत बघणार. आणि आत हा कोण गुलाबी म्हातारा? चुकीच्या घरात आलो म्हणून ती उपाशीच परत गेली तर? बेटावर कोणी घर बदललं, तर जुन्या दारात जाऊन गेलेल्या माणसाला नवा पत्ता सांगतात. तोंड बदललं तर काय करतात, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

त्याने धाकट्या भावाला, गिलहोला, बोलावून विचारलं. गिलहोने त्याचं तोंड दिव्याकडे वळवून बघितलं.

"खरं सांगू, दादा? मघाशी दारात मीसुद्धा क्षणभर थबकलो."

झालं. क्वाक वहिनी भुवया काढायची पेन्सिल घेऊन आली आणि दोघं मिळून गिलर्योंगच्या तोंडावर पुन्हा डाग रेखाटायला बसले.

"होडी उजव्या गालावर," गिलहो म्हणाला.

"डाव्या. चाळीस वर्षं समोर राहते मी."

"समोर राहता म्हणूनच उलटं दिसतं तुम्हाला."

"आणि कपाळावरचा हा?"

"तो नका काढू, वहिनी. तो परवा-परवाचा. बुनर्येवहिनीला जाऊन सात वर्षं झाली, तिने तो कुठून बघितला असणार?"

हे गिलर्योंगला एकदम पटलं. मग कोणता डाग सात वर्षांच्या आतला आणि कोणता बाहेरचा, यावर वाद लागला. काढलेले अकरा डाग थुंकी लावून पुसले गेले, त्यातला एक चुकून पुसला म्हणून पुन्हा काढला. क्वाक वहिनी मध्येच म्हणाली, "तुमचं तोंड कशाला बघेल ती? श्राद्धाच्या ताटातल्या आंबवलेल्या माशाचा वास धक्क्यापर्यंत जातोय. वासावर येईल."

"वासावर घर सापडेल," गिलर्योंग म्हणाला. "पण घरात कोणाबरोबर बसायचं?"

तेवढ्यात मिरान स्वयंपाकघरातून भाताचं भांडं घेऊन आली आणि जागीच उभी राहिली.

"बाबा, नव्या कातडीवर पेन्सिल?"

त्याने तिला सगळं सांगितलं. तिला हसू येईल असं त्याला वाटलं होतं. तिने भांडं खाली ठेवलं.

"आईला बाजारात शिळा मासा रंगवून दिलेला लांबूनच कळायचा, बाबा. हे बघून तर ती फाटकातूनच वळेल."

हेही खरं होतं. गिलर्योंगने तोंड धुतलं.

दिवस कलला. दार उघडलं, उदबत्ती लावली, बुनर्येचा फोटो ताटापुढे ठेवला, तिने जेवायला घ्यावं म्हणून भातात चमचा उभा केला. सगळे फोटोपुढे नमस्काराला वाकायला उभे राहिले, पण गिलर्योंग चपला घालून फाटकाबाहेर गेला. मिठागराच्या बाजूला तोंड करून तो हळू आवाजात बोलला.

"बुनर्ये, मीच आहे गं. मिरानने तोंड बदलून आणलंय. शंका आली तर हात बघ. हात तेच आहेत."

आत येऊन त्याने तांदळाची दारू ओतायला घेतली. बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. करपलेले, ठिपक्याठिपक्यांचे ते हात त्याने पेला धरून दिव्याखाली पुढे केले आणि तसेच धरून ठेवले. गिलहो खाकरला, क्वाक वहिनीने पाय बदलला, तरी त्याने हात मागे घेतले नाहीत. उदबत्तीची राख गळून पडली तेव्हा कुठे पेला खाली ठेवला.

जेवताना मिरानचा मोबाईल वाजला. तिने वाचून बघितलं.

"बाबा, दवाखान्यातून विचारतायत. हातांची बारा तारीख पक्की करू ना?"

गिलर्योंगने माशाचा तुकडा तोंडात टाकला आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.